नाखुशीचा भाव

मी बी.कॉम. आहे ही गोष्ट आमच्या नातेवाइकांना दोनच वेळा आठवते. एक, इन्कमटॅक्सचा फॉर्म भरायचा असला की. आणि दोन, सरकारकडून एखादा कागद आला की. इन्कमटॅक्सवाल्यांना मी आमच्या ब्रँचच्या वरच्या मजल्यावरच्या वकिलांकडे धाडून मोकळा होतो. सरकारी कागदातून मात्र सुटका नाही. बँकेत पंचवीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला सरकारी मराठी समजत असलं पाहिजे, असा एक समज कृष्णाकाठी आहे. वास्तविक सरकारी मराठी ही समजायची भाषा नव्हेच. ती पोच द्यायची भाषा आहे.

2024 च्या दिवाळीत गिरगावचे मामा आमच्याकडे मलकापूरला आले ते असेच कागद घेऊन. 'गिरगावचे' हे आता नुसतं म्हणायचं. मुक्काम डोंबिवलीला, मुलाकडे. भुयारी मेट्रोच्या कामासाठी त्यांची चाळ रिकामी झाली त्याला सहा-सात वर्षं होऊन गेली होती. मामा ढेबेवाडी फाट्याला एस.टी.तून उतरले, पिशवी खाली ठेवली आणि वर बघतच राहिले. आमच्याकडे महामार्ग सहापदरी करायचं काम निघालं, त्यात 2023 साली जुने उड्डाणपूल पाडले आणि त्यांच्या जागी एका रांगेतल्या खांबांवर तोललेला लांबच लांब पूल यायला लागला. रस्त्याच्या मधोमध खांब, खांबाच्या डोक्यावर दोन्हीकडे पसरलेले हात. मुंबईच्या माणसाला हे चित्र तोंडपाठ.

"इथंही आली?" मामांनी विचारलं.

"कोण, मामा?"

"मेट्रो."

मी त्यांची समजूत घातली. मलकापूरचं नाव चोवीस तास पाण्यासाठी झालेलं आहे, आगाशिवच्या डोंगरातल्या लेण्यांसाठी आहे, मोठ्या दवाखान्यासाठी आहे. पण रुळांशी आमचा संबंध बेताचाच. कराडचं स्टेशनसुद्धा कराडात नाही. ते पार ओगलेवाडीकडे, प्रभाकर कंदिलाच्या गावाला. गाडी पकडायची तर आधी दुसरी गाडी पकडावी लागते. मेट्रो इथवर येईपर्यंत, मग ती खालून येवो नाहीतर वरून, आपण दोघंही वर गेलेले असू.

मामांचा चेहरा काही उजळला नाही. चहा झाल्यावर त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकची फाइल काढली. मामा आयुष्यभर गिरगावातल्या एका छापखान्यात प्रूफं तपासत होते. छापलेला कागद हाती आला की त्यांचा उजवा हात आपोआप लाल पेन्सिल शोधतो. ह्या फाइलमधल्या एकाही कागदावर लाल खूण नव्हती.

"एकसुद्धा चूक नाही," मामा म्हणाले, आणि ते इतक्या रागाने म्हणाले की सौ. स्वयंपाकघरातून डोकावून गेली. "सगळं बिनचूक. घर मिळणार. पहिल्यापेक्षा मोठं. लिफ्टचं. संडास घरात. माझी तक्रार काही नाही."

"मग?"

"माझं नक्की गेलं काय, एवढं मला मांडून दे. तू कॉमर्सचा. जमेची बाजू त्यांनी लिहून दिलेली आहे. नावेची बाजू कोणी लिहीतच नाही."

आता आली का पंचाईत! हिशोबात एक रकाना भरलेला आणि दुसरा कोरा, हे दृश्य आमच्या जातीला सहन होत नाही. नुसत्या तेवढ्यासाठी मी दिवाळीची सुट्टी घालवली आणि कॉलेजात दोन मार्कांसाठी सोडून दिलेला इतिहास उघडला.

आधी मला वाटत होतं, सरकारनं जमीन घेणं हे आगगाडीच्याच बरोबर आलं असावं. ते तिच्या आधी आलेलं निघालं. बंगालात कंपनी सरकारनं 1824 सालीच नियम करून ठेवला होता की रस्ता, कालवा वगैरे सार्वजनिक कामाला जमीन लागली तर ती रास्त किंमत देऊन घेता यावी. मुंबईत रस्ते रुंद करण्यासाठी 1839 साली तसा कायदा आला. मग आगगाडी येणार असं दिसू लागल्यावर 1850 मध्ये कलकत्तेकरांनी आणखी एक कायदा करून टाकला : रेल्वे हेही सार्वजनिक कामच समजावं. लक्षात घ्या, गाडी अजून आलेली नाही. डबा नाही, इंजिन नाही, शिट्टी नाही. पण 'सार्वजनिक' हा शब्द येऊन स्टेशनवर बसलेला होता.

काम सार्वजनिक, कंपनी मात्र खासगी. लंडनच्या जी.आय.पी. रेल्वेशी 1849 साली करार झाला. भांडवलावर पाच टक्क्यांची हमी आणि रुळासाठी लागणारी जमीन 99 वर्षं फुकट. गाडी चालो न चालो, भागधारकाला पाच टक्के. मी बँकेतला माणूस आहे. पाच टक्क्यांची हमी, वर जागा फुकट, अशी ठेव योजना आमच्या बँकेनं काढली तर पहिला अर्ज मॅनेजरसाहेब भरतील आणि दुसरा मी. (पहिला मी भरला असता, पण बढतीचा प्रश्न आहे.) ह्या हमीच्या जोरावर 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली, 21 मैल.

ह्या सगळ्या खटपटीत हिंदुस्थानच्या बाजूनं पुढे होते ते नाना शंकरशेट. 1845 पासून ते रेल्वे आणायच्या मागे होते आणि त्यांच्या गिरगावच्या वाड्यातच रेल्वेच्या कार्यालयासाठी जागा दिली होती, असं सांगतात. मी हे मामांना वाचून दाखवलं. ते जरा सावरून बसले.

"म्हणजे रेल्वेला पहिली जागा गिरगावनंच दिली?"

"आणि तीही राजीखुशीनं."

"तेव्हा विचारलं असेल," मामा म्हणाले.

पुढं 1857 साली सगळ्या ब्रिटिश मुलखासाठी एकच कायदा झाला. (त्या साली सरकारला दुसरी कामं नव्हती असं नाही.) त्यात किमतीवरून वाद झाला तर पंच नेमायचे आणि पंच सांगतील तो निवाडा अखेरचा. पण पंच नालायक निघतात, प्रसंगी पैसे खातात, अशी ओरड झाली आणि 1870 च्या कायद्यानं पंचांना घरी बसवून वाद कोर्टाकडे दिला. तेव्हापासून पंच वाचले आणि वकील जगले.

ह्या 1870 च्या कायद्याखाली आमच्या पणजोबांची पाळी आली. 1880 नंतर पुण्याहून मिरजेच्या अंगानं सदर्न मराठा रेल्वेचा मीटरगेज मार्ग निघाला. पणजोबांचं रान कृष्णेच्या पलीकडं. रेघ आली ती नेमकी रानाच्या पोटातून. अलीकडं एक तुकडा, पलीकडं एक तुकडा, मधे साहेबाचा रूळ. घरात सांगतात ते असं : पणजोबांनी कचेरीत जाऊन चांदीचे रुपये मोजून घेतले, त्यात एका मुलीचं लग्न उरकलं आणि उरलेल्या पैशात एक म्हैस घेतली. म्हशीला रोज त्याच रानात चरायला न्यायची सवय. जमीन गेल्याची नोटीस पणजोबांना लागली होती, म्हशीला लागली नव्हती. दुसऱ्याच पावसाळ्यात ती मालगाडीखाली गेली. म्हणजे रेल्वेनं जमीनही घेतली आणि जमिनीचे पैसेही परत घेतले.

पणजोबा त्यानंतर बरीच वर्षं जगले, पण त्या गाडीत कधी बसले नाहीत. पंढरीला गेले ते पायी, नाहीतर बैलगाडीनं. कोणी विचारलं तर म्हणत, "स्वतःच्या रानात जायला तिकीट काढायचं व्हय?" 1971 च्या सुमाराला मीटरगेजचं ब्रॉडगेज झालं, परवा परवा दुहेरीकरण निघालं, पण आमच्या घरात अजून त्या मार्गाला 'आपलं रान' म्हणतात. कोल्हापूरहून येताना डब्यात तो पट्टा आला की आमची आत्या पदर सावरून बसते. दुसऱ्याच्या घरी बसावं तशी नाही, स्वतःच्या.

पण खरा ग्रंथ आला तो 1894 साली. भूसंपादन अधिनियम, 1894 चा पहिला. हा कायदा एकशेवीस वर्षं जगला, म्हणजे आमच्या कोणत्याही पणजोबापेक्षा जास्त. आपल्याकडची धरणं, कारखाने, एम.आय.डी.सी., कालवे, सगळं ह्याच कायद्याच्या मांडीवर वाढलेलं. आमच्या कराड-पाटणकडे जुन्या माणसांना रामरक्षा अर्धीच येत असेल, पण कलम चार, कलम सहा, कलम नऊ, कलम अकरा ही चढती भाजणी पाठ असते. चारला जाहीर होतं, सहाला पक्कं होतं, नऊला बोलावणं येतं, अकराला निवाडा. आणि कलम सतरा लागलं की समजायचं, साहेबांना घाई आहे.

ह्या कायद्यात किमतीची दोन कलमं आहेत : तेवीस आणि चोवीस. मी ती रात्री दहा वाजता वाचली आणि पुन्हा वाचायला दिवा लावून बसलो. तेवीस सांगतं, जमिनीची किंमत ठरवताना काय काय धरावं. बाजारभाव धरावा. बाजारभाव म्हणजे काय, तर राजीखुशीनं विकणारा आणि राजीखुशीनं घेणारा असे दोघं भेटले असते तर जो भाव ठरला असता तो, असा अर्थ कोर्टांनी लावला. जो मुळीच विकायला तयार नाही त्याला क्षणभर राजी समजायचं आणि भाव काढायचा! चोवीस सांगतं, काय धरू नये. सरकारला किती घाई आहे ते धरू नये. आणि दुसरं, ज्याची जमीन जाते त्याला ती सोडायची किती नाखुशी आहे, तेही धरू नये. अगदी स्पष्ट शब्दांत.

इथं एखाद्या कवीनं हाय खाल्ली असती. मी कॉमर्सचा असल्यामुळे पुढं वाचत गेलो. तेव्हा दिसलं की तेविसाव्याच कलमाच्या शेपटाला बारीक अक्षरात असं आहे की, जमीन सक्तीनं घेतली जाते हे लक्षात घेऊन बाजारभावावर शंभराला पंधरा जास्त द्यावेत. ह्याला सरकारी मराठीत 'दिलासा रक्कम' म्हणतात. म्हणजे पुढच्या दारानं सांगायचं, तुझी नाखुशी आम्ही हिशोबात धरत नाही. आणि मागच्या दारानं तिच्या हातावर पंधरा टक्के ठेवायचे. जगात नाखुशीचा दर इतका चोख ठरवणारं दुसरं खातं मला ठाऊक नाही.

मग ह्या दराचा मी तक्ताच केला. 1894 : पंधरा टक्के. नव्वद वर्षं तेवढाच. 1984 च्या दुरुस्तीनं : तीस टक्के. 2013 च्या नव्या कायद्यानं, जो 1 जानेवारी 2014 पासून लागू झाला, तो चक्क शंभर टक्के. शिवाय खेड्यात बाजारभावालाच दुप्पटीपर्यंत गुणून घ्यायची सोय. पंधरावरून शंभरावर यायला 119 वर्षं. सरासरी सतरा महिन्यांना एक टक्का. आमच्या महागाई भत्त्यापेक्षा हळू, पण चढती कमान आहे खरी.

आमच्या काउंटरवर ह्या पैशाची शेवटची पायरी दिसते. महामार्गात गेलेल्या जमिनीचे पैसे घेऊन एक म्हातारे शेतकरी आले होते. मुलानं बजावून पाठवलेलं, सगळे फिक्समध्ये टाका. मी पावती हातात दिली. त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली, उजेडात धरली. म्हणाले, "कागद झ्याक हाय साहेब. पर ह्येला बांध कुठला?" पावतीवर बँकेचं बोधचिन्ह असतं, मुदत असते, व्याजाचा दर असतो. बांध नसतो. मी त्यांना नामांकनाचा फॉर्म दिला. दुसरं काय देणार?

मामांना शंभर टक्के ऐकून हुरूप आला. "म्हणजे माझी नाखुशी आता पूर्ण धरतात?"

मला नाही म्हणणं जिवावर आलं. "मामा, ते जमीनमालकाला. तुमची जमीन कुठाय? तुम्ही भाडेकरू."

खोली दहा बाय बाराची, तिसऱ्या मजल्यावर. भाडं महिना बेचाळीस रुपये. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्यानं मुंबईची भाडी थिजवून टाकली आणि मालक, भाडेकरू, चाळ हे तिघंही एकमेकांना धरून म्हातारे झाले. अशा चाळीत जमीन एकाची, भिंती दुसऱ्याच्या आणि आयुष्य तिसऱ्याचं असतं. मामांच्या नावावर भूगोलाचा एक चौरस इंच नव्हता. शून्याचे शंभर टक्के किती, हे सांगायला बी.कॉम. लागत नाही.

भाडेकरूचं हे दुखणं मुंबईपुरतं नाही, हे लंडनचा इतिहास वाचल्यावर कळलं. जगातली पहिली भुयारी रेल्वे लंडनची. 10 जानेवारी 1863 ला ती सुरू झाली. तेव्हा भुयार म्हणजे रस्ता उभा चिरायचा, रूळ घालायचे आणि वरून पुन्हा झाकायचं. त्या काळचे लंडनचे रेल्वेवाले रेघ ओढताना गरिबांची वस्ती बघून ओढत. जमीन स्वस्त, आणि एकेका मालकाच्या घरात भाडेकरू खंडीभर. मालकाला पैसे दिले की काम झालं. आठवड्याच्या भाड्यानं राहणारा बिचारा आठवड्याच्या नोटिशीवर बाहेर. तो जायचा कुठं? बाजूच्या गल्लीत, आधीच भरलेल्या खोलीत. ही गर्दी इतकी वाढली की 1853 पासून पार्लमेंटनं, किती गरिबांची घरं पाडणार ते आधी लिहून द्या, असा दंडक घातला. लिहून द्यायला लागले; पाडायचं थांबलं नाही. मेलेल्यांचीही सुटका नव्हती. सेंट पँक्रासचं जुनं कबरस्तान रेल्वेच्या वाटेत आलं तेव्हा थडगी हलवायच्या कामावर देखरेख करायला एक तरुण वास्तुशास्त्री नेमला होता. त्याचं नाव टॉमस हार्डी. पुढं तो कादंबऱ्या लिहू लागला आणि त्या उदास का, ह्याचा उलगडा मला आत्ता झाला.

पण मामांना आवडली ती दुसरीच गोष्ट. लंडनच्या लिन्स्टर गार्डन्स ह्या घरंदाज आळीत 23 आणि 24 नंबरची घरं भुयारी रेल्वेनं 1860 च्या दशकात पाडली. तिथं वाफेच्या इंजिनाला धूर सोडायला उघडी जागा हवी होती. शेजारचे श्रीमंत. दातांत फट पडावी तशी आळीत फट दिसणार, हे त्यांना कसं चालावं? मग कंपनीनं तिथं नुसती दर्शनी भिंत बांधून दिली. खांब, सज्जे, खिडक्या, दारं, सगळं शेजारच्यासारखं. पाच फूट जाडीचं घर! खिडक्या रंगवलेल्या, दार न उघडणारं, मागं खड्डा आणि खड्ड्यात रूळ. ते अजून उभं आहे.

"आमचंही असं करायला काय हरकत होती?" मामा एकदम म्हणाले. "नुसती पुढची गॅलरी ठेवायची. दोरीवर चार लुगडी वाळत. कोपऱ्यात एक म्हातारा पेपर वाचत. तो मी बसलो असतो."

खरा प्रश्न, गिरगावच का? ह्याचं उत्तर तसं सरळ आहे. मेट्रो ही शहाणी बाई आहे, ती होता होईतो रस्त्यावरून किंवा रस्त्याखालून जाते. कारण रस्ता आधीच सरकारचा. त्याला कलम लागत नाही. जमीन लागते ती तीन ठिकाणी : वळणाला, स्टेशनाला आणि गाड्या झोपवायच्या कारशेडला. कुलाब्याकडून आरेला जाणाऱ्या मेट्रो-तीनचा मार्ग साडेतेहतीस किलोमीटरचा, स्टेशनं सत्तावीस, त्यातली सव्वीस जमिनीखाली. बोगदा खालून निमूट जातो. पण माणसं वरून उतरणार, वर चढणार. त्यांना जिने हवेत, सरकते जिने हवेत, हवा खाली ढकलायची यंत्रं हवीत. काळबादेवी आणि गिरगावात रस्ता एवढा अरुंद की समोरच्या गॅलरीतल्या माणसाशी आपण न ओरडता भांडू शकतो. तिथं जिना ठेवायला चाळ हलवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मग रहिवाशांनी मोर्चे काढले, काळे झेंडे लावले, आणि अखेर तिथल्या तिथंच नव्या इमारती बांधून घरं द्यायचं ठरलं. लंडनच्या त्या भाडेकरूंच्या मानानं हे सोन्यासारखं, हे मामाही कबूल करतात. गरिबाला गावाबाहेर फेकायची ही दीडशे वर्षांची रीत गिरगावानं एका जागी तरी मोडली, ह्याचं मला फार अप्रूप वाटतं.

ह्या भागाला स्थलांतर नवं नाही, असंही मी मामांना पटवायला गेलो. मुंबईचं नाव जिच्यावरून पडलं ती मुंबादेवी मूळची बोरीबंदराकडची. किल्ल्याच्या भानगडीत अठराव्या शतकात तिचं देऊळ तिथून हललं आणि आताच्या जागी आलं. म्हणजे मुंबईची पहिली प्रकल्पग्रस्त साक्षात देवी! मामा म्हणाले, "तिला नैवेद्य चालू राहिला. आमचा नळ बंद झाला."

कारशेडचं तर विचारूच नका. आरेतली झाडं वाचवायची म्हणून 2020 मध्ये कारशेड कांजूरमार्गच्या 102 एकरांवर न्यायचं ठरलं. लगेच केंद्र सरकार म्हणालं, ही मिठागराची जमीन आमची. राज्य सरकार म्हणालं, आमची. त्या डिसेंबरात उच्च न्यायालयानं काम थांबवलं आणि 2022 मध्ये गाडं पुन्हा आरेला आलं. माझ्या सातबाऱ्यावर पणजोबांच्या नावात एक काना कमी आहे म्हणून मी सहा वर्षं खेटे घालतो आहे. इथं एकशेदोन एकरांची मालकी दोन सरकारांनाच ठरवता येईना! ते वाचून माझा कान्याचा राग पुष्कळ शांत झाला.

एक कलम मात्र राहिलं, आणि ते सगळ्यात गमतीचं. आपल्याकडे मेट्रोसाठी म्हणून पहिला खास कायदा झाला तो 1978 साली, कलकत्त्यासाठी. तिथं 24 ऑक्टोबर 1984 ला देशातली पहिली भुयारी गाडी धावली. ह्या कायद्यानं मेट्रोसाठी आणखी एक वस्तू विकत घेता येऊ लागली : नुसता 'वापराचा हक्क'. घर तुमचं, जमीन तुमची, तुळस तुमची. तिच्याखालून जायचा हक्क तेवढा आमचा. लहानपणी आम्हाला वाटायचं, आपल्या घराखाली पाताळापर्यंत आपलंच आहे, आणि पाताळात फक्त बळीराजा राहतो. त्याच्याकडूनही अशीच तीन पावलं मागून घेतली होती. राजीखुशीनं.

दिवाळीच्या चौथ्या दिवशी मी नावेची बाजू पुरी केली. फुलस्केपवर, आमच्या बँकेच्या पद्धतीनं, आडव्या ओळी आखून. दहा बाय बाराची खोली एक. गॅलरीतली खुर्चीची जागा. नळावरचा चौथा नंबर, सकाळी साडेपाच. शेजारच्या खोलीतला रेडिओ, फुकट. छापखाना चालत सात मिनिटं. गणपतीच्या दहा दिवसांतलं जागरण. मे महिन्याच्या सुट्टीत मलकापूरहून येणारा भाचा, गादीसह. पुढचा रकाना मात्र रकमेचा होता. तो मी किती वेळ तसाच धरून बसलो आणि शेवटी प्रत्येक ओळीपुढं एक बारीक आडवी रेघ मारली. ऑडिटला चालत नाही, पण दुसरं सुचेना.

मामांनी चष्मा लावला, प्रूफ वाचावं तसं बोट ठेवत शेवटपर्यंत वाचलं. मग खिशातून लाल पेन्सिल काढली आणि पाचव्या ओळीच्या वर ती खूण केली, काहीतरी गळलं आहे ही.

"मोरी राहिली," ते म्हणाले.

परवा, म्हणजे 2025 च्या डिसेंबरात, दादरला एका लग्नाला गेलो होतो. ऑक्टोबरात मेट्रो-तीन पुरी सुरू झालेली. जेवणं झाल्यावर मामा हळूच म्हणाले, "चल, मला एकदा खाली ने." दादरला आम्ही उतरलो, सरकत्या जिन्यावर मामांनी माझा कोट घट्ट धरला. गाडीत थंडगार, चकचकीत, बसायला जागा. सिद्धिविनायक, वरळी, आचार्य अत्रे चौक अशी नावं येत गेली. मुंबई सेंट्रलशी लाउडस्पीकरवरची बाई 'जगन्नाथ शंकरशेट' म्हणाली तेव्हा मामांनी हात जोडले.

"नानांना दिलं म्हणायचं काहीतरी," ते म्हणाले.

गिरगावला आम्ही दोघंच वयस्क उतरलो. फलाटावर मामा उभे राहिले, वर छताकडं बघितलं. वरून काही ओळखीचं दिसेना. तेव्हा त्यांनी डोळे मिटून जरा अंदाज घेतला, चार पावलं पुढं, दोन डावीकडं, आणि माझ्याच कोटाच्या खिशातली लग्नाची पत्रिका फरशीवर ठेवली.

"हा उंबरा धर." मग पावलं मोजू लागले. दहा इकडं, बारा तिकडं. "इथं पलंग. ही खिडकी. इथं तुझी मामी बसायची भाजी निवडत. आणि ही मोरी."

मोरीत एक पंचविशीचा मुलगा पाठीला बॅग लावून, कानात यंत्र घालून, मोबाइलवर काही बघत उभा होता. बूट घातलेले. मी त्याला बाजूला हो म्हणून सांगायला पुढं झालो, तर मामांनी मला थांबवलं.

"असू दे रे," ते म्हणाले. "गाडी येईपर्यंतच आहे तो."